सत्तावीस ठोकळे आणि एक गोधडी

गेल्या वर्षी जुलैमधली गोष्ट. बाहेर झड लागली होती. पाचवीच्या पटावरच्या बावीस मुलांपैकी पंधरा-सोळाच आली होती. नवा पाठ सुरू करण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी फळ्यावर ठोकळ्यांची रास काढली. तीन आडवे, तीन खोल, तीन उंच. किती ठोकळे? दोन मिनिटांत सगळ्यांचं उत्तर आलं, २७. सगळ्यांचं बरोबर. मला आनंद झाला. वेळ उरला होता, म्हणून आणखी एक छोटी रास काढली. दोन आडवे, दोन खोल, दोन उंच. हे तर आणखी सोपं.

निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर आलं १२.

मी खिडकीजवळच्या एका पोरीला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, मोजून दाखव. तिने वरचे चार चौकोन मोजले, समोरचे चार मोजले, बाजूचे चार मोजले. बारा. मग मीच तिला आधीची रास मोजायला लावली. वरचे नऊ, समोरचे नऊ, बाजूचे नऊ. सत्तावीस. ती ठोकळे मोजतच नव्हती, चित्रात दिसणारे चौकोन मोजत होती. आणि तीनच्या राशीत नेमकं असं होतं की दिसणारे चौकोन २७ आणि खरे ठोकळेही २७. दुसऱ्या कुठल्याही घनाकार राशीत हे जुळत नाही. चारची रास घेतली तर चौकोन दिसतात ४८ आणि ठोकळे असतात ६४.

शिष्यवृत्तीच्या सरावाला मी वर्षानुवर्षं ही तीनचीच रास फळ्यावर काढत आले होते. सुबक दिसते, काढायला सोपी. किती मुलांच्या वहीत मी त्या २७ वर बरोबरची खूण केली असेल आणि ती मुलं तशीच पुढच्या वर्गात गेली असतील, हे मनातून जाईना. पुढे वाचताना कळलं की अमेरिकेत मायकेल बॅटिस्टा आणि डग्लस क्लेमेंट्स यांनी १९९६ साली याच चुकीवर सविस्तर लिहून ठेवलंय. मुलं राशीकडे भरीव वस्तू म्हणून बघत नाहीत, बाहेरचे चौकोन मोजतात आणि कोपऱ्यावरचा एकच ठोकळा दोनदा-तीनदा मोजला जातो. म्हणजे जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातलं माझ्या वर्गातलं पोर आणि तिकडचं पोर एकाच ठिकाणी अडतंय.

दुसऱ्या दिवशी गणितपेटीतले लाकडी ठोकळे काढले. पेटी जुनी, बरेच हरवलेले, तरी तीसेक निघाले. दोनची रास मुलांनी हातांनी रचली. किती? आठ. एकानेही चूक केली नाही. मग ठोकळे पेटीत ठेवले आणि त्याच राशीचं चित्र फळ्यावर काढलं. पुन्हा तीन-चार जणांचं बारा! हाताला कळलं होतं, पण कागदापर्यंत ते पोचलं नव्हतं.

शिक्षणशास्त्राच्या पदविकेला आम्ही मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर शिकलो होतो. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. परीक्षेत उत्तर लिहून मार्क मिळवले होते. वर्गात उभी राहिल्यावर दिसलं की कृती आणि चित्र यांच्यामध्येच एक नाला आहे आणि काही मुलं अलीकडच्या काठावरच राहून जातात.

आता ऑगमेंटेड रिॲलिटीबद्दल, म्हणजे एआरबद्दल. मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेवर नसलेली वस्तू उभी करून दाखवायचं हे तंत्र. हा शब्द ऐकला की माझ्या मनात आधी नाराजीच यायची. एका प्रशिक्षणात आम्हाला मोबाईलमधून टेबलावर फिरणारी सूर्यमाला दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण यातून मुलाला काय येईल जे आधी येत नव्हतं, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. त्याआधी मी स्वतःच्या पैशांनी एआर कार्डांचा एक संच घेतला होता. कार्डावर मोबाईल धरला की आकृती उभी राहायची. पुढच्या वर्षी त्या कंपनीचं ॲपच बंद पडलं. रंगीत कार्डं कपाटात पडून आहेत. शाळेसाठी असं काही घेताना मी आता एकच गोष्ट बघते, ॲप बंद झालं तर हातात काय उरतं?

आणि २०२० मधला वाघ आठवतो. टाळेबंदीत माझा भाचा गूगलवर वाघ शोधून तो मोबाईलच्या पडद्यात घराच्या ओट्यावर उभा करायचा आणि शेजारी आजीला बसवून फोटो काढायचा. त्या वाघाभोवती तो सारखा गोल गोल चालायचा. वाघाची शेपटी बघायला मागे जायचा, तोंड बघायला पुढे यायचा. मी तेव्हा त्याला रागावले होते की डोळे खराब करतोस. त्या ठोकळ्यांच्या आठवड्यात मला वाघ आठवला नाही, आठवलं भाच्याचं चालणं.

मोबाईलच्या पडद्यावर दिसतं ते शेवटी सपाट चित्रच असतं, अगदी पुस्तकातल्यासारखं. फरक एवढाच की आपण एक पाऊल टाकलं की ते चित्र बदलतं. तो नाला ओलांडायला मला असंच काहीतरी हवं होतं, चित्रही असेल आणि वस्तूसारखंही वागेल असं. या तंत्राचा उगमही तिथेच आहे. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं यंत्र बनवलं. त्याचा सांगाडा इतका जड की तो छताला टांगलेला असे. आत दिसायच्या त्या नुसत्या रेषांच्या आकृत्या. पण त्यांची मूळ कल्पना हीच होती की बघणारा हलला की चित्रही त्या हिशेबाने बदललं पाहिजे. आज खिशातल्या मोबाईलमध्ये ते होतं, पण सगळ्या मोबाईलमध्ये नाही. माझ्या जुन्या मोबाईलने साफ नकार दिला, शाळेच्या टॅबनेही. शेवटी मिस्टरांचा मोबाईल मागून घेतला.

जिओजेब्रा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना ते सुरू केलं. त्याच्या थ्रीडी कॅल्क्युलेटरच्या ॲपमध्ये आपण बनवलेली आकृती एआरमध्ये समोरच्या जमिनीवर ठेवता येते. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मी एकेक घन टाकत बसले. रास तयार झाली, एआरचं बटण दाबलं, आणि काहीच होईना. मोबाईल नुसता जमीन शोधत राहिला. आमच्या घरात पांढरीशुभ्र गुळगुळीत फरशी आहे. इकडे धरला, तिकडे धरला, दिवे लावले. नाही. कंटाळून मोबाईल घेऊन खाटेवर बसले तर समोरच्या गोधडीवर पटकन ठिपके उमटले आणि रास उभी राहिली!

ती सासूबाईंच्या हातची गोधडी. जुन्या लुगड्यांचे तुकडे, वर पांढऱ्या दोऱ्याचे धावते टाके. मागाहून कारण समजलं. कॅमेरा समोरच्या पृष्ठभागावर ओळखता येतील असे बिंदू शोधतो. कोपरे, रंग बदलतो त्या जागा, रेषांचे छेद. मोबाईल हलला की ते बिंदू चित्रात किती सरकले हे तो बघतो, आतले संवेदक तो किती वळला, किती हलला हे सांगतात, आणि दोन्ही मिळून आपण कुठे उभे आहोत याचा हिशेब लागतो. कोऱ्या चकचकीत फरशीवर धरायला काही नसतं. गोधडीवर मात्र वीतभर जागेत शंभर खुणा. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना फार बरं वाटलं. ‘ने, पण धुऊन आण,’ म्हणाल्या. तेव्हापासून ती गोधडी शाळेच्या कपाटात, गणितपेटीशेजारी असते.

पहिला दिवस वाया गेला, आणि तो का गेला हे सांगण्यासारखं आहे. मी मोबाईल मुलांच्या हातात दिला. त्यांनी बसल्या जागी बोटाने रास लहान-मोठी केली, गरगर फिरवली, हसली, पुढच्याकडे दिला. बावीस मुलांच्या हातून मोबाईल फिरला. नंतर कागदावर विचारलं, तर बारा लिहिणाऱ्यांनी पुन्हा बारा लिहिलं. बोटाने वस्तू फिरवली की मुलाला वाटतं वस्तू बदलतेय. स्वतः चाललं की कळतं, वस्तू तीच आहे, आपली जागा बदलली. माझ्या मते एआरचा गणिताला उपयोग आहे तो सगळा या एका फरकात आहे. मूल बसूनच राहणार असेल तर साधा व्हिडिओ दाखवा, मोबाईल तापवण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी नियम केला. बोट लावायचं नाही, पायांनी फिरायचं. व्हरांड्यात गोधडी अंथरली, भोवती खडूने मोठं रिंगण आखलं. रिंगणावर चार जागा ठरवल्या. आमच्या शाळेतून उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसतो आणि दक्षिणेला तापी आहे हे पोरांना पक्कं ठाऊक. म्हणून जागांची नावं ठेवली सातपुड्याकडची, तापीकडची, उगवतीकडची, मावळतीकडची. एक मूल मोबाईल धरून चालणार, दुसरं त्याच्या मागे राहून त्याला सांभाळणार, कारण पडद्यात बघणाऱ्याला पायाखालची पायरी दिसत नाही. बाकीची रिंगणाबाहेर चौकटीच्या वह्या घेऊन बसलेली. चालणारा प्रत्येक जागी थांबून सांगणार, ‘सातपुड्याकडून दिसतात चार.’ बसलेल्यांनी ते वहीत काढायचं आणि पुढच्या जागेवरून काय दिसेल ते आधीच लिहून ठेवायचं.

त्या दिवशीची रास मी मुद्दाम वेडीवाकडी केली होती. समोरून पायरीसारखी, मागे दोन ठोकळे लपलेले. खिडकीजवळची तीच पोरगी मोबाईल घेऊन निघाली. तापीकडून चार म्हणाली. मावळतीकडे वळली, थबकली, आणि ओरडली, ‘म्याडम, मांगे बी शेतस!’ मागेही आहेत, तिच्या अहिराणीत.

बसलेली सगळी उठून तिच्यामागे धावली. कपाळाला कपाळ लागलं, पडद्यात बघायला सगळ्यांची धडपड. मी थांबवलं नाही.

एकच मोबाईल आहे याचं मला आधी वाईट वाटत होतं. आता वाटत नाही. ज्याच्या हातात मोबाईल असतो तो बघतो, पण बसलेल्यांना डोळ्यांपुढे आणावं लागतं, आणि गणित तिथे घडतं. प्रत्येकाला एकेक यंत्र मिळालं असतं तर हे बोलणंच झालं नसतं. शब्दही त्या बोलण्यातूनच आले. शिरोबिंदू, कडा, पृष्ठं हे पुस्तकी शब्द मी उशिरा दिले. आधी पोरांनी टोक, काठ, पाठ असं म्हणत काम चालवलं. पावरा या आदिवासी समाजातली दोन मुलं एरवी मराठीच्या भीतीने गप्प असतात. इथे बोट दाखवून, हाताने उंची दाखवून ती पहिल्यांदा वर्गाशी भांडली. ‘नही, तीन शेतस!’

चारची रास आणली तेव्हा मोजदाद कोलमडली. ६४ ठोकळे माझ्या पेटीत नाहीतच, म्हणून ते मोबाईलमधूनच उभे केले. मुलं एकेक मोजताना हरवायला लागली. केळीच्या गाडीवर हमाली करणाऱ्याचा एक मुलगा आहे. तो म्हणाला, बाबा कॅरेट असे मोजत नाहीत. खालच्या थराचे मोजतात, मग थप्पी किती उंच ते बघतात. मी त्यालाच फळ्यापाशी उभं केलं. त्याने खालच्या थराचे सोळा मोजले, चार थर, चौसष्ट. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार पुस्तकात यायच्या आधी तो व्हरांड्यात आला, आणि आणला कॅरेटच्या थप्पीने. खरं सांगायचं तर आमच्या भागात पोरांच्या डोळ्यांसमोर गुणाकार रोज उभा असतो. पावसाच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की पावसाळ्यानंतरची कांदेबाग, पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीच्या ओळी म्हणजे पाढेच आहेत. घडाला किती फण्या, फणीला किती केळी हेही तसंच. आम्हीच ते वर्गाबाहेर ठेवतो.

मग माझ्या मनात होता तो धडा घेतला. तीनचीच रास, जी मला इतकी वर्षं फसवत आली. या वेळी सगळे ठोकळे अर्धपारदर्शक केले आणि मधोमधचा एक लाल केला. रास ताणून एवढी मोठी केली की मुलांच्या खांद्याला लागावी. मोबाईल पुढे धरून त्या राशीत शिरायचं. वास्तविक समोर रिकामी गोधडी, पण पडद्यात आपण ठोकळ्यांच्या आत. एकेक मूल हात लांब करून, श्वास रोखून पुढे सरकत होतं. ‘मझार एक लाल शे!’ मझार म्हणजे आत.

मग प्रश्न टाकला. ही सगळी रास बाहेरून रंगात बुडवली, तर किती ठोकळ्यांना तीन बाजूंनी रंग लागेल? कोपऱ्यांना, आठ. दोन बाजूंनी? कडांच्या मधल्यांना, बारा. एका बाजूने? प्रत्येक पाठीच्या मधल्याला, सहा. आठ, बारा, सहा मिळून सव्वीस. आणि उरला एक, ज्याला रंग माहीतच नाही. लाल. त्या दिवशी २७ हे उत्तर माझ्या वर्गात पहिल्यांदा खरोखर आलं.

यातली सर्वांत उपयोगी युक्ती मात्र नंतर सुचली, आणि तिला वेगळं काही लागत नाही. चालता चालता मी म्हणायचे ‘थांब’, आणि त्या जागेचा स्क्रीनशॉट घ्यायचा. मग पुस्तक उघडायचं आणि दोन्ही चित्रं शेजारी धरायची. सारखी! पुस्तकातलं चित्र म्हणजे कोणीतरी चालता चालता थांबून काढलेलं चित्र. तेव्हापासून वर्गात नवा प्रश्न सुरू झाला. चित्र काढणारा कुठे उभा होता? पाचवीच्या त्रिमितीय वस्तू आणि घडणींच्या पाठात प्रत्येक आकृतीला आम्ही हाच प्रश्न विचारला. हा सातपुड्याकडून बघतोय, हा झाडावर चढून बघतोय. आता मोबाईल काढावा लागत नाही. महिनाभरात तो मी चार-पाचदाच काढला असेन.

घरोघरी मोबाईलची धास्ती आहे आणि ती मला मान्य आहे. एक आजी शाळेत येऊन मला म्हणाल्या, ‘घर बी मोबाईल, शाळामा बी मोबाईल!’ मी त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि धडा बघू दिला. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण पोरं उभी आहेत, चालतायत, बोलतायत, हे त्यांनी पाहिलं. जाताना गोधडीचे टाके बघून गेल्या.

काही ठिकाणी मी हे वापरत नाही आणि वापरणारही नाही. दशक-एकक शिकवायला आमच्याकडे पऱ्हाटीच्या काड्या आहेत. दहा काड्या मोजून, जुळवून, रबर लावताना जी धडपड होते त्यातच दशक असतो. पडद्यावर दहाचा गठ्ठा आपोआप बांधला गेला तर मुलाने काय केलं? अपूर्णांकांना कळण्याची भाकरी पुरते, मोडायची आणि चौघांनी खायची. जे हातात धरता येतं ते हातातच द्यावं. उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मार्चनंतर सकाळची शाळा असली तरी दहा वाजेपर्यंत व्हरांडा तापतो, मोबाईल तापतो, पडदा मंद होतो आणि ॲप बंद पडतं. आमच्याकडे हे धडे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात घ्यायचे. आणि बावीसपैकी चार मुलांचं अजूनही चुकतं. त्यांच्याबरोबर मी पुन्हा लाकडी ठोकळ्यांवर बसतेय.

हिवाळ्यात सहल पाटणादेवीला नेली. चाळीसगावजवळच्या या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा उल्लेख असलेला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सापडला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. आपल्याच जिल्ह्यात गणिताची शाळा होती, आठशे वर्षांपूर्वी. देवळाच्या आवारात मुलांना बसवून मी त्यांना ११५० मधल्या लीलावतीतलं कमळाचं उदाहरण सांगितलं. तळ्यात कमळ, पाण्याच्या वीतभर वर. वाऱ्याने हळूहळू कलत गेलं आणि दोन हातांवर पाण्यात बुडालं. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात, पण ते काढणं पाचवीचं काम नाही. मी फक्त म्हटलं, डोळे मिटा, कमळ बघा, आणि वहीत काढा.

बहुतेकांनी काठावरून काढलं. देठ, पाणी, कललेलं फूल. एकाने पाण्याच्या आतून काढलं, माशासारखं. खिडकीजवळच्या पोरीच्या वहीत नुसता एक गोल होता आणि भोवती पाकळ्या. मी विचारलं, देठ कुठे गेला?

ती म्हणाली, ‘म्याडम, मी वरथीन दखी राहिनू. देठ खाले शे.’